नाताळच्या कार्टूनला त्याची तारीख परत द्या

प्रति,
नाताळच्या जुन्या ॲनिमेटेड कार्यक्रमांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या कंपन्या, आणि ते कार्यक्रम दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या सर्व वाहिन्या,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कपाटात 1983 पासूनची कालनिर्णयं आहेत. सगळी नाहीत. दोन घरं बदलताना काही हरवली, एकदा तळघरात पाणी शिरलं तेव्हा तीन-चार भिजून गेली. पहिलं मी साताऱ्याहून बॅगेतून आणलं होतं. पुढची माझी आई दर दिवाळीनंतर पोस्टाने पाठवायची आणि ती इथे ओहायोत पोचेपर्यंत कधी कधी संक्रांत उलटून जायची. या सगळ्या कालनिर्णयांच्या डिसेंबरच्या पानावर एक गोष्ट सारखी आहे. एकादशी, दत्तजयंती अशा छापील अक्षरांखाली लाल पेनाने माझ्या हातचं लिहिलेलं आहे : ‘रुडॉल्फ, रात्री 8’. ‘फ्रॉस्टी’. ‘चार्ली – जेवणं लवकर’. ही सगळी नाताळच्या कार्टूनमधल्या पात्रांची नावं. रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर टीव्हीच्या कार्यक्रमांची पुस्तिका यायची. डिसेंबर लागला की ती हातात पडल्यावर माझं पहिलं काम हे असायचं.

2022 च्या पानावर चार्लीचा चौकोन रिकामा आहे. त्या रिकाम्या चौकोनाबद्दल हे पत्र आहे.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण या कार्यक्रमांसमोर बसून आमच्या घरात जे काही बोललं गेलं ते मराठीत बोललं गेलं. तुमच्या कचेऱ्यांमध्ये मराठी माणसं कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेल, अशी माझी खात्री आहे. आणि ज्या मराठी घरांनी इथल्या पहिल्या हिवाळ्यात असाच टीव्ही लावला असेल, त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

आम्ही 1983 च्या ऑक्टोबरात क्लीव्हलंडजवळच्या एका गावात आलो. नवऱ्याची ड्राफ्ट्समनची नोकरी, भाड्याच्या दोन खोल्या आणि पाच वर्षांचा मुलगा. त्या डिसेंबरात इतकी थंडी पडली की इथली मुरलेली माणसंसुद्धा घाबरून गेली होती. टीव्ही शेजारच्या बाईंनी दिला, त्यांचा जुना, वर दोन शिंगांची अँटेना असलेला. केबलला पैसे नव्हते आणि गरजही वाटली नाही. अँटेनाला जे दिसायचं ते फुकट होतं. संध्याकाळी कधीतरी पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर ‘स्पेशल’ हा शब्द रंगीत अक्षरांत गरगर फिरत यायचा, मागे ढोल वाजायचे. इंग्रजी न येणाऱ्या माझ्या मुलाला तो एक शब्द वाचता यायला लागला. तो ढोल ऐकून संडासातूनसुद्धा पळत यायचा.

पहिल्यांदा आम्ही ‘ए चार्ली ब्राउन ख्रिसमस’ पाहिलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गोठलेल्या तळ्यावर मुलं घसरत खेळताहेत, मागे लहान मुलांच्या आवाजातलं सावकाश गाणं, आणि मग तो गोल डोक्याचा मुलगा आपल्या मित्राला सांगतो की नाताळ आलाय, पण मला काही आनंद वाटत नाही. लाटणं हातात धरूनच मी बाहेरच्या खोलीत आले. लहान मुलांच्या कार्यक्रमात एक लहान मूल सणाच्या तोंडावर म्हणतं की मला बरं वाटत नाहीये, आणि कुणी त्याला लगेच हसवायला धावत नाही! त्या दिवशी त्या घरात ज्याला बरं वाटत नव्हतं ते मूल समोर सतरंजीवर बसलं होतं, आणि त्याची आई दारात उभी होती.

आमचं घराणं साताऱ्याचं, ख्रिस्ती. अमेरिकन मिशनच्या वेळेपासूनचं. नाताळ आम्हाला नवा नव्हता. साताऱ्यात नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, पहाटेची गाणी, नारायण वामन टिळकांची भजनं आणि मंडळीतल्या मुलांचं नाटक. नऊ वर्षांची असताना त्या नाटकात लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळांचा भाग मला पाठ म्हणायला दिला होता. माझे गुडघे इतके लटपटले की आईला वाटलं मी पडणार. तर, त्या कार्टूनमध्ये शेवटाकडे सगळी मुलं चार्लीला हसतात, नाताळचा खरा अर्थ कुणी सांगेल का असं तो ओरडून विचारतो, आणि लायनस नावाचा मुलगा रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभा राहतो. हा मुलगा आपली गोधडी कधीही हातातून सोडत नाही. तो लूकच्या दुसऱ्या अध्यायातला तोच भाग म्हणायला लागतो. जुनं, जड इंग्रजी होतं, पण दुसऱ्या वाक्याला मला कळलं की हे मला पाठ आहे. आणि देवदूत मेंढपाळांना ‘भिऊ नका’ म्हणतो त्या शब्दांवर लायनसच्या हातातून गोधडी गळून पडते.

‘आई, त्याने गोधडी का टाकली?’ मुलाने विचारलं. त्याच्या स्वतःच्या मांडीवर माझ्या सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती. ती घेतल्याशिवाय तो शाळेच्या बसमध्ये चढत नसे. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. त्याने त्याची गोधडी टाकली वगैरे काही नाही, पुढे दोन वर्षं ती त्याच्याजवळच होती. पण पुढच्या डिसेंबरात त्याने मला आधीच सांगितलं, आता बघ हं, आता टाकेल. आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

हे मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण तुमच्या हिशेबाच्या वहीत हा कार्यक्रम पंचवीस मिनिटांची एक मालमत्ता म्हणून नोंदलेला असणार. त्या पंचवीस मिनिटांत काय आहे ते तुमच्या आधीच्या लोकांनाही आधी कळलं नव्हतं. 1965 साली कोका-कोलाने पैसे दिले. निर्माते ली मेंडेलसन, दिग्दर्शक बिल मेलेंडेझ आणि व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांच्या हातात जेमतेम सहा महिने होते. मेलेंडेझ मेक्सिकोत जन्मलेले, लहानपणी इकडे आलेले. आमच्यासारखेच बाहेरून आलेले, याचं मला फार अप्रूप वाटतं. मुलांचे आवाज त्यांनी खऱ्या मुलांकडून घेतले. चार्लीच्या धाकट्या बहिणीचा आवाज देणारी मुलगी इतकी लहान होती की तिला वाचता येत नव्हतं, एकेक वाक्य तिला तोंडी सांगून म्हणवून घेतलं. संगीत विन्स ग्वाराल्डींचं, जॅझ. त्या काळी बहुतेक विनोदी कार्यक्रमांत मागून रेकॉर्ड केलेलं हसू घालत, ते शुल्झनी घालू दिलं नाही. बायबलचा उतारा काढावा असं त्यांच्या सोबत्यांनाही वाटत होतं, शुल्झ हटले नाहीत. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी तयार कार्यक्रम पाहिला आणि त्यांची तोंडं पडली. फार संथ आहे, म्हणाले. वेळापत्रक छापून गेलं होतं म्हणून 9 डिसेंबर 1965 ला सीबीएसवर तो लागला, आणि त्या रात्री टीव्ही लावून बसलेल्या जवळपास निम्म्या घरांनी तो पाहिला. पुढे एमी मिळालं, पीबडी मिळालं, टीव्हीचे दोन्ही मोठे पुरस्कार.

म्हणजे काय झालं, तर तुमच्या धंद्यातल्या जाणकारांना जे संथ वाटलं, ते घराघरांतल्या मुलांना बरोबर वाटलं. आज तुमचे जाणकार म्हणतात की ठरलेल्या रात्री ठरलेल्या वेळी कार्यक्रम पाहण्याचे दिवस गेले. मी नम्रपणे एवढंच म्हणते, की 1965 ची ती बैठक एकदा आठवून पाहा.

मुलांचं ऐकण्याची तुमच्याकडे परंपरा आहे, हेही मला ठाऊक आहे, आणि त्याच भरवशावर मी पत्र लिहायला बसले. चार्लीच्या आदल्या वर्षी, 6 डिसेंबर 1964 ला, लाल नाकाच्या रुडॉल्फ या रेनडिअरचा बाहुल्यांचा कार्यक्रम एनबीसीवर लागला. रुडॉल्फच्या नाकाला सगळे हसतात, त्याचा बाप ते नाक लपवायला चिखल लावतो, आणि तो घर सोडून जातो. फिरत फिरत तो एका बेटावर पोचतो. तिथे कुणालाच नको असलेली खेळणी राहतात : चौकोनी चाकांची आगगाडी, अंगावर ठिपके असलेला हत्ती, अशी. सांताला सांगून तुम्हाला घरं मिळवून देईन, असं रुडॉल्फ त्यांना वचन देतो. आणि पहिल्या वर्षीच्या कार्यक्रमात ते वचन तसंच राहून गेलं होतं. गोष्ट संपली, खेळणी बेटावरच!

ते पाहून लोकांनी पत्रं लिहिली. खेळण्यांचं काय झालं, असं विचारणारी. आणि 1965 साली कार्यक्रम पुन्हा लागला तेव्हा त्यात नवा प्रसंग होता, सांताची गाडी त्या बेटावर उतरते आणि खेळण्यांना घेऊन जाते. तोच शेवट आज आपण पाहतो. पत्रांमुळे शेवट बदलला. बाहुल्या पुन्हा हातात घेऊन, कॅमेरा पुन्हा लावून नवा प्रसंग चित्रित झाला.

त्या बेटाचं मराठी मी मुलाला ‘नकोशांचं बेट’ असं सांगितलं. शब्द तोंडातून गेला आणि मीच गप्प झाले. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचं नावच नकुसा. तिसरी-चौथी मुलगी झाली की आमच्याकडे असं नाव ठेवत, आता तरी मुलगा होईल म्हणून. हजेरीला मास्तर ते नाव रोज मोठ्याने उच्चारत आणि ती रोज ‘हजर’ म्हणे. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली, ती बातमी मी इथे वाचली तेव्हा मला ती वर्गातली मुलगी आठवली, आणि सांताची गाडी बेटावर उतरते तो प्रसंगही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण माझ्या मनात त्या शेजारी शेजारी राहतात आणि दर डिसेंबरात रुडॉल्फ लागला की दोन्ही एकदम वर येतात.

रुडॉल्फची बाहुली सहा इंचांची होती आणि सांताची अकरा. ती हलवणारे हात टोकियोतले होते. तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत बाहुली केसभर हलवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा केसभर हलवायची, असं करत ही गोष्ट उभी राहिली. आवाज कॅनडातले, पैसे जनरल इलेक्ट्रिकचे, गोष्ट अमेरिकेची, हात जपानचे. 1969 च्या फ्रॉस्टीची, म्हणजे जादूच्या टोपीने जिवंत होणाऱ्या बर्फाच्या माणसाच्या गोष्टीची, चित्रंही जपानच्या मुशी स्टुडिओत रंगली. अमेरिकेचा म्हणून जगाला ठाऊक असलेला नाताळ एवढ्या देशांच्या माणसांनी मिळून केला आहे. मला याचा आनंद होतो, आणि म्हणून एक तक्रारही आहे : शेवटची नावं पुरी दाखवा. हल्ली गोष्ट संपता संपता नावांची चौकट कोपऱ्यात आक्रसते आणि पुढचा कार्यक्रम अंगावर येतो. नाव न देण्याची या कार्यक्रमांना जुनी खोड आहे. नाताळ चोरायला निघालेल्या ग्रिंचच्या 1966 च्या कार्टूनमधलं ते प्रसिद्ध गाणं थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी गायलं, त्यांचं नावच यादीत राहून गेलं, आणि गाणं निवेदक बोरिस कार्लॉफनी म्हटलं असं लोक वर्षानुवर्षं समजत राहिले. जुनी चूक तुमची नसेल, पण नावं दिसतील एवढी ती चौकट मोठी ठेवणं आज तुमच्या हातात आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. 2020 च्या ऑक्टोबरात जाहीर झालं की चार्ली ब्राउनचे सणाचे कार्यक्रम आता ॲपल टीव्ही प्लसवर असतील. 1965 पासून सीबीएसवर आणि 2001 पासून एबीसीवर, म्हणजे पंचावन्न वर्षं, जे साध्या अँटेनावर फुकट दिसत होतं, ते एका ॲपमध्ये गेलं. लोक हळहळले, अर्जांवर सह्या झाल्या, आणि तुम्ही ऐकलंत. नोव्हेंबरात करार करून त्या वर्षी 13 डिसेंबरला पीबीएस या सार्वजनिक, फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर ‘ए चार्ली ब्राउन ख्रिसमस’ दाखवलात, एकही जाहिरात न घालता. मनापासून सांगते, ती माझी गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत चांगली संध्याकाळ होती. करोनामुळे मुलगा आणि नात दुसऱ्या गावी, मी एकटी. आम्ही दोन्ही घरांत एकाच क्षणी टीव्ही लावला आणि फोन कानाला धरून ठेवला. ‘आता टाकेल,’ असं पलीकडून ऐकू आलं. या वेळी नातीच्या आवाजात.

2021 ला पुन्हा पीबीएसवर होता. 2022 ला नव्हता.

वर्गणी न भरणाऱ्यांसाठी नाताळाच्या सुमाराला काही दिवस हा कार्यक्रम ॲपवर मोकळा ठेवला जातो, हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी आभार मानते. त्यामागची भावना चांगली आहे. पण ॲप उघडायला खातं लागतं, खात्याला पासवर्ड लागतो, त्याला चालणारा टीव्ही किंवा फोन लागतो, आणि दर महिन्याला पैसे भरून घेतलेलं इंटरनेट लागतं. आमच्या चर्चतर्फे मी एका वृद्धाश्रमात जाते. तिथल्या बैठकीच्या खोलीत एक टीव्ही आहे, त्याला अँटेना आहे. तिथल्या एका आजोबांना चार्लीचं ते गाणं कुठूनही ऐकू आलं की ते हात थांबवून ऐकत बसतात. त्यांना मी खातं कसं उघडून देऊ? आणि तळघरातल्या भाड्याच्या खोलीत नुकत्याच येऊन राहिलेल्या बाईला, जिला इथलं अजून काहीच माहीत नाही, तिला हे ॲपमध्ये आहे हे तरी कोण सांगणार? 1983 साली मला कुणी सांगितलं नव्हतं. बटण दाबलं आणि ते समोर आलं.

या देशात प्रसारणाच्या लहरी जनतेच्या मानल्या जातात. वाहिन्यांना परवाना मिळतो तो लोकहित सांभाळण्याच्या अटीवर, 1934 च्या कायद्यात तसं आहे. वाहिन्यांना मी एवढंच विचारते, की वर्षातली एक संध्याकाळ सगळ्या मुलांना एकत्र, फुकट काही चांगलं दाखवणं यापेक्षा सोपं लोकहित कोणतं? रुडॉल्फ 2024 साली साठ वर्षांचा झाला तेव्हा एनबीसीवर परत आला, मोकळ्या अँटेनावर. म्हणजे हे अशक्य नाही, आणि तोट्याचंही नसावं. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी पैसे मिळवू नयेत असं माझं म्हणणं नाही. आम्ही जाहिराती पाहायला कधीच नाही म्हटलं नव्हतं. फक्त त्या बसवायला गोष्टीला कात्री लावू नका. मधली दोन वाक्यं उडवली की ज्यांना कार्यक्रम पाठ आहे त्यांना लगेच कळतं, आणि पाठ असणारे आम्ही पुष्कळ आहोत.

‘कधीही पाहा, बारा महिने उपलब्ध आहे, मग तारीख कशाला हवी?’ असं तुम्ही विचाराल. माझ्या सुनेनेही विचारलं होतं. गेल्या जुलैत नातीने कंटाळून फ्रॉस्टी लावला. बाहेर चौतीस डिग्री होतं. सात मिनिटांनी तिने तो बंद करून दुसरं काहीतरी लावलं. चूक तिची नाही. संक्रांतीचा तिळगूळ मे महिन्यात पानात वाढला तर मीसुद्धा कौतुकाने खाणार नाही. दत्तजयंतीचा पाळणा शेजारच्या काकू वर्षातून एकदाच म्हणायच्या, आम्ही दुसऱ्या धर्माची मुलंसुद्धा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचो, कारण उद्या तो ऐकायला मिळणार नाही हे ठाऊक असायचं. मराठीत याला तिथी म्हणतात. हे कार्यक्रम करणाऱ्यांनी नकळत एक तिथी तयार केली होती : वर्षातून एकदा, सगळ्या देशात त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये माझ्या इंग्रजी न येणाऱ्या मुलाकडे बोलायला एक विषय होता, कारण बसमधल्या प्रत्येकाने काल रात्री तेच पाहिलं होतं. त्याचा पहिला मित्र त्याला फ्रॉस्टीच्या टोपीवरून झालेल्या भांडणातून मिळाला. ज्याने-त्याने आपापल्या वेळी, आपापल्या पडद्यावर पाहिलं असतं तर ते भांडण झालं नसतं.

ही तिथी पाळता येते, हे ब्रिटनने दाखवून दिलं आहे. रेमंड ब्रिग्ज यांच्या शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरचा ‘द स्नोमॅन’ 26 डिसेंबर 1982 ला चॅनल फोरवर पहिल्यांदा लागला. ती वाहिनी तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती. दिग्दर्शन डायॅन जॅक्सन यांचं. रंगीत पेन्सिलींच्या खरबरीत रेघांनी केलेली चित्रं, हॉवर्ड ब्लेक यांचं संगीत आणि पीटर ऑटी या मुलाने गायलेलं एकच गाणं (त्याचंही नाव सुरुवातीला यादीत नव्हतं!). चॅनल फोर तो दर नाताळात दाखवते, आणि अँटेना असलेल्या कुठल्याही घरात तो दिसतो. माझा भाऊ बर्मिंगहॅमला असतो. 1990 च्या नाताळात त्याच्याकडे गेलो असताना आम्ही तो पाहिला. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा, कार्टूनसाठी आपण मोठे झालो असं समजणारा. शेवटी सकाळी तो लहान मुलगा धावत अंगणात येतो तर बर्फाचा माणूस वितळून गेलेला, टोपी आणि मफलर तेवढा ढिगाऱ्यावर. त्या मुलाला स्वतःच्या खिशात आदल्या रात्री सांताने दिलेला मफलर सापडतो, तो गुडघ्यांवर बसतो, आणि कार्यक्रम तिथेच संपतो. कुणी येऊन त्याला जवळ घेत नाही, बर्फाचा माणूस परत उभा राहत नाही. खोलीत कुणी बोललं नाही. माझे वडील त्याच वर्षी पावसाळ्यात गेले होते आणि मला वेळेवर पोचता आलं नव्हतं. मुलगा उठून माझ्याशेजारी येऊन बसला, बस, एवढंच. पुढचा कार्यक्रम आपोआप सुरू झाला असता तर तो उठला असता का, मला सांगता येणार नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. ॲपमध्ये काय ठेवायचं ते ठेवा, वर्गणीदारांना बारा महिने दाखवा. पण डिसेंबरातली एक रात्र आठ वाजता हे कार्यक्रम मोकळ्या अँटेनावर दाखवा, पुरे, कात्री न लावता, शेवटच्या नावांसकट. पीबीएसबरोबर एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं. आणि तारीख आदल्या दिवशी फोनवर टिंग करून कळवू नका, महिनाभर आधी कळवा, म्हणजे ज्यांना रात्रपाळी बदलून घ्यावी लागते, ज्यांना मुलाला पाळणाघरातून लवकर आणावं लागतं, त्यांना जमवता येईल. डिसेंबरात हे सगळं जमवायला किती धडपड लागते ते मला चांगलं आठवतं. 1986 साली मी दुकानात कामाला होते आणि चार्लीच्या रात्री सुट्टी मिळावी म्हणून थँक्सगिव्हिंगला दोन पाळ्या केल्या होत्या.

रुडॉल्फच्या खेळण्यांसाठी ज्यांनी 1964 साली पत्रं लिहिली ती मुलं आज सत्तरीच्या आसपास असतील. मीही त्याच वयाची आहे. आई गेल्यापासून कालनिर्णय माझी भाची पाठवते, या वर्षीचं वेळेवर पोचलं. डिसेंबरचं पान मी आत्ताच उघडून टेबलावर ठेवलं आहे, लाल पेन त्याच्यावरच आहे. तारीख कळवा.

आपली,
ओहायोतली एक आजी